लोकसहभागाची फर्म काढताय? मग हे आधी वाचा: पहिल्या मीटिंगपासून गावात परत तोंड दाखवण्यापर्यंत

बारा वर्षं झाली मी हे काम करतेय आणि अजूनही कोणी विचारलं की तुमची मुलगी काय करते तर आई सांगते, "मीटिंगा घेते". खोटं नाहीये ते. पूल, पाण्याची योजना, शहराचा विकास आराखडा, कचऱ्याचा प्रकल्प असं काहीही येणार असलं की ज्यांच्या दारावरून ते जाणारे त्यांना आधी सांगायचं, त्यांचं ऐकायचं, ते नीट लिहून घ्यायचं आणि ठरवणाऱ्याच्या टेबलावर अशा जागी ठेवायचं की त्याला ते ढकलून बाजूला करता येणार नाही. एवढंच काम. कागदावर याला लोकसहभाग सल्लागार म्हणतात.

हल्ली एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली, प्लॅनिंग शिकलेली पोरं फोन करतात, ताई फर्म काढायचीये, कुठून सुरुवात करू, आणि मग दीड तास जातो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. आम्ही दोघींनी मिळून सुरू केलं होतं, आज आम्ही अकरा जण आहोत, म्हणजे काही फार मोठा पसारा नाहीये, तेव्हा कोटीच्या कोटी उड्डाणं शिकायची असतील तर दुसरीकडे बघा.

पायरी १: काम येतं कुठून ते समजून घ्या

लोकांना वाटतं सरकारला हौस म्हणून जनसुनावणी होते. तसं नसतं, जवळपास प्रत्येक सुनावणीच्या मागे एखादा कायदा, अधिसूचना नाहीतर कर्ज देणाऱ्याची अट असते, आणि ती तुम्ही मुळातून वाचलेली नसेल तर तुम्ही फक्त सतरंज्या घालणारे ठरता.

पर्यावरण परवानगीचं घ्या. १४ सप्टेंबर २००६ ची ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचना आहे, त्यात जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं, आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, तोही अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाचा चालत नाही. आता गंमत बघा, या सुनावणीला कोरमच (किमान हजेरीची अट) नाही. चार माणसं आली तरी सुनावणी झाली. हे वाचलं की तुम्हाला कळतं की गर्दी जमवणं हे कायद्याचं काम नाहीये, ते तुमचं आहे.

भूसंपादन असेल तर २०१३ चा कायदा. त्यात सामाजिक परिणाम मूल्यांकन सहा महिन्यांत करायचं असतं आणि खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची, सरकारी-खाजगी भागीदारी असेल तर ७० टक्क्यांची संमती लागते. पण महाराष्ट्रानं २०१८ मध्ये दुरुस्ती करून काही प्रकारचे प्रकल्प यातून वगळायची सोय केलीय, त्यामुळे काम घ्यायच्या आधी विचारा की हा प्रकल्प नक्की कुठल्या कलमाखाली चाललाय. दोनदा मला समोरच्या अधिकाऱ्यालाच ते माहीत नव्हतं.

गावपातळीवर ग्रामपंचायत अधिनियम: वर्षाला किमान चार ग्रामसभा, कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी असेल ते, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा. ही महिला सभा बहुतेक ठिकाणी कागदावरच उरकतात, त्याबद्दल पुढे बोलते. आदिवासी भागात १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, आणि राज्याचे २०१४ चे नियम, तिथे ग्रामसभेचं वजन एकदम वेगळं आहे, १३ जिल्ह्यांत कुठे ना कुठे हे लागू होतं.

आमच्यासारख्या छोट्या फर्मला सगळ्यात जास्त काम मात्र पाण्यानं दिलं. २०१९ ला जलजीवन मिशन, म्हणजे गावातल्या घरोघरी नळानं पाणी द्यायची केंद्राची योजना आली, त्यात गाव कृती आराखडा, पाणी समितीत निम्म्या महिला, गावांतर्गत कामाच्या १० टक्के लोकवर्गणी (डोंगरी आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती जास्त असलेल्या गावांत ५ टक्के) असं सगळं लिहिलेलं आहे आणि ते लोकांबरोबर करून घ्यायला अंमलबजावणी सहाय्य संस्था नेमायची तरतूद आहे. शिवाय जागतिक बँकेचे जे प्रकल्प ऑक्टोबर २०१८ नंतरच्या नव्या चौकटीत बसतात त्यांना दहा मानकं पाळावी लागतात, त्यातलं दहावं पूर्ण लोकसहभागावर आहे, तक्रार निवारणाच्या सोयीसकट. तिथला पैसा बरा असतो आणि कागद भयंकर.

पायरी २: सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा

"साहेब, लोकांनी सांगितलं तर यातलं काय बदलू शकतं?"

बस. हाच प्रश्न. उत्तरात एक तरी ठोस गोष्ट आली पाहिजे, टाकीची जागा, रस्त्याची रुंदी, कामाचा क्रम, बसथांबा इकडे की तिकडे, काहीही. "तसं सगळं फायनल आहे, पण लोकांना विश्वासात घ्यायचंय" असं उत्तर आलं तर ते लोकसहभागाचं काम नाहीये, ते प्रचाराचं आहे, आणि प्रचारासाठी आपल्यापेक्षा चांगल्या एजन्स्या आहेत.

शेरी अर्नस्टाईन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९६९ मध्ये याची आठ पायऱ्यांची शिडी काढून ठेवलीय, सगळ्यात खाली लोकांना गुंडाळणं आणि सगळ्यात वर लोकांच्या हातात कारभार. पुढे आयएपीटू या आंतरराष्ट्रीय संस्थेनं पाच टप्पे केले: माहिती देणं, मत विचारणं, कामात सामील करणं, बरोबरीनं ठरवणं आणि निर्णय लोकांकडे सोपवणं. पोस्टरला छान दिसतं हे. पण कामाचा उपयोग असा की पहिल्याच मीटिंगमध्ये क्लायंटसमोर हे पाच टप्पे ठेवायचे आणि म्हणायचं, यातला कुठला तुम्ही देताय ते बोट ठेवून दाखवा. दुसरा देत असाल तर दुसराच सांगू लोकांना, काही हरकत नाही. भांडण कधी होतं, तर देतो दुसरा आणि पत्रकावर छापतो चौथा तेव्हा.

आणि क्लायंटला घाबरवायचंच असेल तर मुंबईचं उदाहरण द्या, मी देते. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात इतक्या चुका आणि इतका विरोध, हजारोंनी हरकती, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो बाजूला ठेवून नव्यानं करायला सांगितला. सुधारित मसुदा २०१६ ला आला आणि मंजुरी २०१८ ला. एवढी वर्षं. आधी वॉर्डावॉर्डात नकाशा घेऊन फिरले असते तर निम्म्या चुका लोकांनी फुकटात दाखवल्या असत्या.

पायरी ३: नोंदणी, खातं, हिशेब

यात मी फार वेळ घालवणार नाही, सीए गाठा. नफा वाटून घ्यायचा असेल तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड, घ्यायचा नसेल तर कंपनी कायद्याच्या कलम ८ ची कंपनी. देणगी आणि फी या दोन दगडांवर एकदम पाय ठेवू नका एवढंच सांगेन, पुढे फार गोंधळ होतो. उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद) फुकट आहे, पहिल्याच दिवशी करा, बऱ्याच टेंडरात अनामत रक्कम माफ होते. सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण बरेच सरकारी क्लायंट नोंदणीशिवाय दारातच उभं करत नाहीत. प्रोफेशनल फीवर १० टक्के टीडीएस कापला जातो, तो तुमच्या खिशातला पैसा समजून खर्चाचं गणित मांडू नका.

खरी गोची उधारीची आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्या असं लिहिलंय, ऑनलाइन तक्रारही करता येते, पण ज्या साहेबाकडून पुढचं काम हवंय त्याच्यावर तक्रार कोण करणार. आमचं एक बिल चौदा महिने अडकलं होतं. कुठल्या ऑफिसात ते सांगत नाही. तेव्हा माझ्या पार्टनरनं सोनं गहाण टाकून पोरांचे पगार केले आणि त्यानंतर आम्ही नियम केला की सहा महिन्यांचे पगार खात्यात असल्याशिवाय नवा माणूस घ्यायचा नाही. वाढ हळू झाली त्यानं. चालेल.

पायरी ४: पहिलं काम छोटं घ्या, एका प्रभागाचं

मोठ्या प्रकल्पाच्या मागे लागू नका. पुण्यात महापालिकेनं २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत सुरू केली, फॉर्म भरायचा, क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, फुटपाथ, दिवे, बाकं, बसथांब्याची शेड अशी कामं त्यातून सुचवता येतात. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरानं १९८९ मध्ये जे सुरू केलं त्याचा हा आपल्याकडचा लहान भाऊ म्हणा.

मी आणि माझी पार्टनर दोन वर्षं फुकटात हेच करत होतो, सोसायट्यांमध्ये आणि त्यांच्या भिंतीला लागून असलेल्या वस्त्यांमध्ये बसून फॉर्म भरून घ्यायचे. पैसा शून्य. पण त्यात कळलं की सोसायटीवाले काका "सुशोभीकरण" लिहितात आणि वस्तीतली बाई "संडासाचं दार" लिहिते, आणि दोघांचे फॉर्म एकाच फायलीत गेले की काकांचं काम आधी होतं कारण काका जाऊन उभे राहतात. म्हणजे फॉर्म भरून काम संपत नाही, त्याच्या मागे जाणारं माणूस लागतं. हे मला कुठल्याही ट्रेनिंगनं शिकवलं नसतं.

असं एखादं काम स्वतःच्या प्रभागात करा, त्याचे फोटो, फॉर्मची यादी, काय मंजूर झालं त्याचा कागद जपून ठेवा. पहिल्या टेंडरला "अनुभव" म्हणून हेच लावणार तुम्ही.

पायरी ५: प्रत्यक्ष बैठक

इथे जरा तपशिलात जाते कारण सगळी मेख इथेच आहे.

माझी पहिली "मोठी" बैठक एका तालुक्यातल्या पाणीयोजनेची होती. मंगळवार, सकाळी अकरा, समाजमंदिर. प्लास्टिकच्या साठ खुर्च्या, बॅनर, हार, सगळं. आले नऊ जण, त्यातले चार कंत्राटदाराचे. इंजिनियर साहेबांनी लॅपटॉपवरून चाळीस मिनिटं सांगितलं. संपताना दारात एक आजी उभ्या होत्या, आत आल्याच नाहीत, तिथूनच म्हणाल्या, "टाकी कुठं बांधायची ते इचारताय, का बांधल्यालं सांगताय?" सगळे हसले. मीही हसले, लाज वाटते आता. कारण टाकीची जागा ठरलेलीच होती.

त्यानंतर जे काही शिकले ते असं.

वेळ लोकांची घ्या. शेतावर जाणाऱ्यांना सकाळी अकरा म्हणजे दिवस मोडणं. भागाप्रमाणे रात्री आठनंतर, नाहीतर बाजाराच्या दिवशी दुपारी. बायकांची बैठक वेगळी आणि आधी. कायद्यानं महिला सभा आहेच, ती खरीखुरी घ्या, चार ते साडेपाच, पोरं शाळेतून आलेली असतात आणि चुलीची वेळ झालेली नसते. जागा देवळाच्या पारावर आहे म्हणून सगळ्यांची असते असं समजू नका, कोण तिथे बसू शकत नाही ते आदल्या दिवशी कोणाला तरी हळूच विचारा. आम्ही आता प्रत्येक वस्तीत वेगळं बसतो, मग सगळ्यांचं एकत्र. एकाच मोठ्या सभेत वरची वस्ती मागे उभी राहते आणि मागे उभं राहणारा बोलत नाही.

निमंत्रण दवंडीनं, व्हॉट्सॲपनं, आणि घरी जाऊन, तिन्ही. व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणजे सांगितलं असं धरणाऱ्या माझ्या टीममधल्या पोराला मी एकदा पायी पाठवला होता, तेवीस घरं, सात घरांत स्मार्टफोनच नव्हता.

खुर्च्या नकोत, सतरंजी घाला. साहेबांना खुर्ची दिली की सभा झालीच नाही समजा, ते बोलणार आणि बाकीचे ऐकणार. पाठदुखीचे साहेब असतील तर म्हाताऱ्या माणसांनाही खुर्च्या द्या, मिसळून बसवा.

आणि पीपीटी बंद. जमिनीवर नकाशा काढा. रांगोळी, खडू, चुना, काहीही, गावातल्या लोकांच्या हातात द्या आणि बाजूला व्हा. पहिली दहा मिनिटं कोणी पुढे येत नाही, मग एखादी बाई म्हणते देऊळ चुकलं, इकडं पायजे, आणि सुरू होतं. एका गावात बायकांनी असा नकाशा काढला, विहीर, आड, टाकीची ठरलेली जागा, त्यांच्या वरच्या वस्तीकडे जाणारी पायवाट, आणि त्या पायवाटेवर एकीनं ठिपके दिले. मी विचारलं हे काय. म्हणाली इथं बसतो दम खायला. डोक्यावर हंडा घेऊन चढताना तीन ठिकाणी बसावं लागत होतं. म्हणजे चढ होता. इंजिनियर म्हणाले टाकी उंचावर आहे, काळजी नको, त्यावर गावातलाच एक गवंडी उठला आणि घरून लेव्हल पाईप घेऊन आला, तोच, पारदर्शक नळी असते, दोन्हीकडे पाण्याची पातळी एक. टाकीच्या जागेपासून वस्तीपर्यंत टप्प्याटप्प्यानं लावत गेला, पोरं मागे धावतायत, तासभर तमाशा चालला होता. शेवटी निघालं काय, तर वरच्या वस्तीतली शेवटची आठ घरं टाकीच्या तळापेक्षाही वर होती. नळ बसला असता, पाणी चढलं नसतं. जागा बदलली. या एका संध्याकाळीचा फोटो आम्ही आजही प्रत्येक प्रस्तावात लावतो.

वाद होणार. होऊ द्या, पण वाद आणि दादागिरी यातला फरक ओळखा. एकच माणूस पाचव्यांदा माईक घेत असेल तर माईकच काढून टाका, आमच्याकडे पन्नासच्या आतल्या बैठकीला माईक नसतोच. हात वर करून मतदान शक्यतो नको, कोणाचा हात कोण बघतंय हे सगळ्यांना माहीत असतं. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा या गावाचं नाव सगळे घेतात, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार", पण ती घोषणा म्हणताना लोक विसरतात की तिथे आधी अभ्यासगट बसतो आणि निर्णय सर्वसहमतीनं होतो, बहुमतानं नाही. त्याला वेळ लागतो. तुमच्या टेंडरात एका गावाला एकच बैठक धरली असेल तर सर्वसहमती विसरा, निदान तीन भेटी धरा.

पायरी ६: लिहून घेणं

लोक जे शब्द वापरतात तेच लिहा. "पाणी गढूळ येतं" याचं "पाणी गुणवत्तेबाबत चिंता व्यक्त करण्यात आली" करू नका, त्या वाक्यातून गढूळपणा उडून जातो. प्रत्येक मुद्द्याला नंबर द्या, वस्ती लिहा, बाई-पुरुष लिहा, नाव मात्र तेव्हाच जेव्हा माणूस हो म्हणेल. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे म्हणून तर आहेच, पण त्याहून साधं कारण हे की सरपंचाविरुद्ध बोललेल्याचं नाव तुमच्या अहवालातून सरपंचाकडेच जातं. हजेरीचा कागद आणि म्हणण्याचा कागद कायम वेगळे.

सभा संपल्यावर तिथेच, निघायच्या आधी, लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचून दाखवा. वीस मिनिटं लागतात. कायम दोन-तीन दुरुस्त्या निघतात, आणि मुख्य म्हणजे नंतर "आम्ही असं बोललोच नव्हतो" होत नाही.

पायरी ७: माणसं

टीम गावातून उभी करा, शहरातून नेऊ नका. आमच्यातल्या अकरापैकी सात जण ज्या तालुक्यांत कामं केली तिथलेच आहेत, एक तर असा की तो आमच्याच बैठकीत आमच्याशी भांडला होता. भांडणारा चांगला, त्यानं कागद वाचलेला असतो. आशाताई, अंगणवाडीताईंना फुकट राबवू नका, त्यांच्या डोक्यावर आधीच ढीगभर सर्वे असतात, मदत घेतलीत तर मानधन द्या आणि ते बजेटमध्ये आधीच धरा. स्थानिक पोराला "स्वयंसेवक" म्हणून टी-शर्ट देऊन भागवणाऱ्या फर्म मी बघितल्यात, दुसऱ्या वर्षी त्यांना तिथे कोणी पोरगा मिळत नाही.

नवीन माणसाला पहिला महिना फक्त ऐकायला पाठवा. पेन पण नको.

पायरी ८: टेंडर आणि दर

सल्लागार सेवांच्या टेंडरात बऱ्याचदा गुणवत्ता आणि किंमत दोन्हींना मार्क असतात, ७०-३० किंवा ८०-२०. ते असेल तर भरा. फक्त सगळ्यात कमी किमतीवर असेल तर मी सोडून देते, कारण कमी दर म्हणजे गाव एक, बैठक एक, फोटो चार. दर काढताना गाडीखर्च दीडपट धरा (पावसाळ्यात रद्द झालेल्या फेऱ्या कोणीच धरत नाही), चहापाणी धरा, भाषेचा खर्च धरा. हो, भाषेचा, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या वस्तीत मराठीतून बैठक घेणं म्हणजे पुण्यात जर्मनमधून घेणं, तिथे दुभाषा नाही तर त्याच भाषेतला बैठक चालवणारा लागतो.

आणि एक ओळ कायम टाका: "निर्णयानंतरची परतभेट, प्रत्येक वस्तीला एक." क्लायंट ती पहिली कापतो. भांडा. बाकी काहीही कापू द्या, बॅनर कापा, पुस्तिका कापा, माझी फी कापा एक वेळ.

पायरी ९: फर्मचा स्वतःचा वाटा

पोरं विचारतात सीएसआर, म्हणजे कंपनीनं नफ्यातून करायचं समाजकार्य, करू का. कंपनी कायद्यातलं ते २ टक्क्यांचं बंधन ५ कोटी नफा वगैरे असलेल्या कंपन्यांना आहे, आपल्याला नाही. पण ज्या लोकांच्या वेळेवर आपलं घर चालतं त्यांना काहीतरी परत गेलं पाहिजे हे उघड आहे, आणि ते झाडं लावण्यापेक्षा आपल्याला जे येतं त्यातून जावं. आमच्यातला प्रत्येक जण महिन्यातला एक दिवस लोकांचे कागद करून देतो: माहिती अधिकाराचे अर्ज, विकास आराखड्यावरच्या हरकती, ग्रामसभेला मांडायचे ठराव. नगरच्या हिवरे बाजारला दरवर्षी गावाचं पाणी मोजून ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात, तसा ताळेबंद आम्ही तीन गावांना फुकट शिकवला, पर्जन्यमापक, विहिरींच्या पातळीची वही, बाकी काही नाही. एका गावानं दुसऱ्या वर्षी सोडून दिला. दोन अजून करतायत.

यात एक धोका आहे. ज्या प्रकल्पात तुम्ही पैसे घेऊन सल्लागार आहात त्याच प्रकल्पाच्या विरोधातली हरकत तुम्ही लिहून द्यायची नाही, आणि ते लोकांना आधीच सांगायचं. एकदा मी सांगायला विसरले. ओळखीच्या ताईंनी हरकत लिहून दे म्हटलं, मी नाही म्हटलं, त्यांना वाटलं मी विकली गेले. समजूत काढायला वर्ष लागलं, तरी पहिल्यासारखं नाहीच झालं.

पायरी १०: परत जा

क्रमानं बघितलं तर हे सहाव्या पायरीला चिकटून यायला हवं होतं, पण आम्हाला हे सगळ्यात उशिरा कळलं म्हणून शेवटी लिहितेय.

सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका तालुक्यात अठरा गावांत बैठका घेतल्या, झकास अहवाल दिला, साहेब खूश, बिलही वेळेत. दोन वर्षांनी त्याच तालुक्यात दुसरं काम मिळालं, मी म्हटलं आता ओळखी आहेत, सोपं जाईल. पहिल्या गावात संध्याकाळी साडेआठला मी, ड्रायव्हर आणि ग्रामपंचायतीचा शिपाई, एवढेच. शेवटी एक आबा आले, बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "बाई, मागल्या बारीला लिवून न्हेलं त्याचं काय झालं ते सांगा, मग पुढचं इचारा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. अहवाल दिला त्याचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलंच नव्हतं. तसंच दुसऱ्या गावात, तसंच तिसऱ्या. ते काम आम्ही तोट्यात पूर्ण केलं कारण आधी मागच्या अठरा गावांची उत्तरं गोळा करत फिरावं लागलं.

तेव्हापासून आमच्याकडे एक कागद असतो. ए-थ्री, तीन रकाने. तुम्ही काय सांगितलंत, काय ठरलं, आणि नाही झालं तर का नाही. तिसरा रकाना क्लायंटकडून लिहून घ्यायचा, सहीसकट, तिथे "तांत्रिक कारणास्तव" चालत नाही, खरं कारण लिहायचं: पैसे नाहीत, जागा वनखात्याची आहे, वस्तीतल्या दोघांनी जमीन दिली नाही. "नाही"चे रकाने जास्त असले तरी हरकत नाही. लोकांना नाही ऐकायची सवय आहे, त्यांना काहीच ऐकू न येण्याचा राग आहे. हा कागद घेऊन प्रत्येक वस्तीत जायचं, वाचायचं, शिव्या खायच्या आणि तो ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावून यायचा.

मागच्या पाच वर्षांत आम्हाला मिळालेल्या कामांपैकी निम्म्याहून जास्त कामं जाहिरात बघून आलेली नाहीत, कुठल्या तरी ग्रामसेवकानं नाहीतर उपअभियंत्यानं दुसऱ्याला सांगितलं की ही लोकं परत येतात, त्यातून आली. टेंडर भरावं लागतंच, पण त्याची खबर आधी लागते आणि गावात बैठकीला माणसं असतात.

गेल्या महिन्यात अशाच एका गावात गेले होते, वेगळ्या कामानं. बोर्डावर आमचा दीड वर्षापूर्वीचा कागद होता, उन्हानं पिवळा पडलेला, खालचा कोपरा फाटलेला. चौदाव्या ओळीत आम्ही लिहिलं होतं "खालच्या आळीचा व्हॉल्व्ह बदलला". कोणीतरी बॉलपेननं "बदलला" वर काट मारून बाजूला लिहिलं होतं, "बदलला पण गळतोय". मी फोटो काढून इंजिनियर साहेबांना पाठवला. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही, गुरुवारी ऑफिसला जाणारे.